सुइलानने वाटलेला निळा

कँटनच्या सोनारआळीत लो क्वायहिंगच्या मिन्याला, दागिन्यांवर भाजून चढवलेल्या काचेच्या रंगाला, मान होता; पण त्या मिन्यातली निळी पूड वाटून देत असे त्याची बायको सुइलान. तिने वाटलेल्या पुडीची अखेरची बरणी दोन वर्षे फळीवर तशीच होती. मिन्याची पूड भट्टीत जाईपर्यंत राखेसारखी फिकी असते. तिच्या पोटात कोणता रंग दडला आहे, हे विस्तवाखेरीज कोणी सांगू शकत नाही. नमुना भाजून पाहण्याआधीच सुइलान तापाने गेली. तो रंग पाहावा, तर पूड खर्ची पडणार आणि दागिना जहाजात बसून परमुलखात जाणार; म्हणून क्वायहिंगने बरणीचे बूच काढलेच नव्हते.

आता त्याचे दागिने परदेशी पाठवणाऱ्या पेढीला चांदीचे बक्कल हवे होते: वर फुलपाखरू, पंख खंड्या पक्ष्याच्या पिसासारखे निळे. बाजारातल्या निळ्याचा नमुना पेढीने परत पाठवला.

"भावोजी, ताईनं ती पूड पुजायला नव्हती वाटली," झिलई देता देता मेहुणी आयिंग म्हणाली.

"संपली तर?"

"तर संपली! आता तरी ती पूड असून नसल्यासारखीच! आत रंग आहे की माती, तुम्हाला ठाऊक आहे?"

"ती मला म्हणायची, तुमच्या कृतीचा निळा मेलेला. खंड्याच्या निळ्यात हिरवा लपलेला असतो म्हणे. मी तिला वेडी म्हणायचो."

"वेडी म्हणायचात, आणि जेवायचात तिच्याच हातचं!"

क्वायहिंगने बूच काढले. पूड ओली करून त्याने चांदीच्या तारांच्या घरांत कुंचल्याने भरली. भट्टीतून निघाले तेव्हा पंख काळेठिक्कर होते. निवता निवता ते निळे झाले. आणि बक्कल उजेडात कलते करताच कडेला हिरवी झाक सरकली.

"घ्या! भांडण ताईनं जिंकलं," आयिंग हसली, आणि पदरासारखी बाही डोळ्यांना लावली.

पेढीचा गडी दारात आला, तरी क्वायहिंग बक्कल फिरवीतच होता.

"उद्या नेलंस तर?"

"उस्ताद, जहाज काय माझ्या सासऱ्याचं आहे थांबायला?"

बक्कल गेले. आयिंगने सवयीने बरणी विसळली. तळाशी पुसट साका बसला.

"ठिपक्यापुरती आहे. पत्र्यावर भाजून ठेवा, जवळ राहील."

रंग एकदा पाहिला की जीव निवेल, अशी क्वायहिंगची समजूत होती. ती खोटी ठरली होती. त्याने वरचे पाणी हलकेच ओतून टाकले, साका सुकू दिला आणि बूच पुन्हा घट्ट बसवले.

"नको," तो म्हणाला. "तिचं काहीतरी पाहायचं राहू दे."