गाडीची लू उतरवणारे महाराज

सकाळचे नऊ वाजले होते, पारा चाळिशीकडे निघाला होता आणि कारंजाच्या हायवेवर कडुनिंबाखाली चाळीसेक गाड्या रांगेत उभ्या होत्या. ट्रक, जीप, टेम्पो, झालंच तर नवरदेवाची फुलं लावलेली कारसुद्धा. प्रत्येक ड्रायव्हरच्या हातात एक कांदा. रांगेच्या टोकाला पांढऱ्या झब्ब्यातले शीतलबाबा एका जीपच्या बॉनेटात कोपरापर्यंत हात घालून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत उभे होते.

"काटा देखो," बाबा म्हणाले.

जीपवाल्याने डॅशबोर्डकडे पाहिलं. इंजिनाची गरमी दाखवणारा काटा लाल पट्ट्याला टेकला होता. तो बघता बघता खाली उतरला आणि अगदी तळाला, थंडच्या खुणेवर जाऊन पडला. "आई वो," असं गर्दीतून निघालं. एका म्हातारीने भक्तिभावाने बॉनेटला हात लावला आणि चटका बसला म्हणून लगेच मागे घेतला. तिकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मी लक्ष दिलं, कारण मी समोरच बसते. माझं नाव शोभाबाई. स्पेअर पार्टचं दुकान आहे, फॅनबेल्टपासून इंजिन ऑइलपर्यंत सगळं मिळतं. नवरा गेल्यापासून सोळा वर्षं एकटी चालवते आहे. माझा धंदाच तेलाचा, त्यामुळे या प्रकरणात माझी साक्ष कोणी धरत नव्हतं. "काकूचं तेल खपत नाई ना, म्हणून पोट दुखून राह्यलं," असं लोक माझ्या तोंडावर म्हणत. आता पोट दुखत होतं हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण पोट दुखणारा माणूस खोटंच बोलतो असा काही नियम आहे का?

आमच्याकडे उन्हाळ्यात खिशात कांदा टाकल्याशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही. कांदा जवळ असला की लू, म्हणजे उन्हाची झळ, लागत नाही, असं सगळे मानतात. या बाबांनी तोच कांदा उचलला आणि गाडीत घातला. दिवसातून वीस वेळा त्यांचं एकच भाषण चाले. "आदमी को लू लगती है, तो गाडी को नहीं लगेगी क्या? गाडी पानी पीती है, हवा खाती है, धुआँ छोडती है. जान नहीं है, कौन बोला? कांदा इंजिन का गरम मॉलिक्यूल खींच लेता है. मैं भगवान का नाम नहीं लेता. ये सायन्स है." आणि लू उतरली की ती परत चढू नये म्हणून हिरवं तेल. बाटलीवर नाव 'शीतामृत'. गाडीतलं जुनं तेल काढून हे भरायचं.

या तेलावर आमचे ड्रायव्हर भाळले त्याला कारण होतं. होळी झाली की कारंजाचा ड्रायव्हर तेलाची तार बघतो. इंजिनातलं तेल मोजायच्या काडीवरचा थेंब अंगठा आणि बोट यांच्यात धरायचा आणि बोटं लांबवायची, जिलेबीचा पाक बघतात तशी. तार लांब आली तर तेल दमदार. ऊन जास्त तर तेल जाड पाहिजे, हा इथला हिशोब. माझ्या दुकानातही लोक डब्यावर काय लिहिलंय ते वाचत नाहीत, बोट बुडवून बघतात. शीतामृताची तार तर टिचभर निघायची. एवढी तार बघितल्यावर कोण विचारतंय तेल कशाचं आहे ते.

नागसेनसुद्धा फसला तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

नागसेन इथलाच. त्याची जुनी व्हॅन आहे, सीटखाली इंजिन असलेली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो महादेवरावांना वर्ध्याच्या दवाखान्यात डायलिसिसला नेतो. महादेवराव म्हणजे आमचे रिटायर पोस्टमन, दोन्ही किडन्या गेलेल्या. एक पाळी चुकली की अंगात पाणी साचतं, रात्रभर बसून श्वास घेतात. एसटीची पायरी चढवत नाही. म्हणजे ती व्हॅन चालली तर महादेवराव चालले, इतकं ते सरळ होतं. आणि ती व्हॅन आठवडाभर तापत होती.

"नागसेन, रेडिएटरचा पाइप बघून घेजो. आन गाडीच्या पुस्तकात जे तेल सांगतलं तेच टाकजो," मी त्याला सांगितलं होतं. तो 'हो काकू' म्हणाला आणि बुधवारी रांगेत जाऊन उभा राहिला.

"काऊन रे, तू तर बुवाबाजीच्या विरुद्ध भाषण देते ना?" मी विचारलं.

"हे बुवाबाजीत येत नाई काकू," तो म्हणाला. "हे टेक्निकल आहे. एक आरती नाई, एक अगरबत्ती नाई. काटा डोळ्यानं पाह्यला मी."

शुक्रवारी सकाळी व्हॅन माझ्या दुकानापुढे थांबली. मागे महादेवराव, शेजारी नागसेनची बायको दीपमाला. ती झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवते, सुट्टीतल्या प्रशिक्षणासाठी वर्ध्याला निघाली होती. नागसेन खाली उतरला आणि ड्रायव्हरच्या सीटवर ओलं गोणपाट पसरायला लागला.

"हे कायले?" दीपमालाने विचारलं.

"बूड भाजते," नागसेन म्हणाला.

"काटा कुठं आहे?"

"थंडवर. बुधवारपासून हलला नाई."

"इंजिन थंड आहे तर बूड काऊन भाजते मंग?"

"बाबा म्हणे, गरमी बाहेर निघून राह्यली."

मी काउंटरच्या मागून उठले. "दीपमाला, चांगल्या गाडीचा काटा चालू झाल्यावर मधात येते आन तिथंच राह्यते. तळाले राह्यते तो फक्त बंद गाडीचा."

दीपमालाने आत वाकून तो काटा पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे ताप उतरला नाई. थर्मामीटरच काढून घेतलं कोणीतरी."

नागसेन चिडला. उशीर होतो म्हणाला, दवाखान्याचा नंबर जातो म्हणाला. तेव्हा मागून महादेवराव बोलले. त्यांचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते, आवाजही दमलेला होता. "जाऊ दे तिले, पाहू दे. अर्धा घंटा उशीर झाला तर मले चालते. मधात जंगलात गाडी बसली तर नाई चालत."

कडुनिंबाखाली रांग होतीच. पुढे संत्र्यांचा टेम्पो, काटा लाल पट्ट्यात. दीपमाला सरळ बाबांपुढे गेली आणि हात जोडून म्हणाली, "बाबा, या टेम्पोची लू उतरवा. फक्त कांदा मी ठेवते. तुम्ही तीन हात लांबून मंत्र म्हणा."

बाबा हसले. "बेटी, स्त्री के हाथ से नहीं होता."

"मग टेम्पोवाले दादा ठेवतील. तुम्हीच म्हणाले ना, कांदा गरमी ओढतो. ओढणार तर कांदाच आहे."

गर्दीला हे पटलं. गर्दीचं असंच असतं, तिला खेळ पाहिजे, मग तो कोणाचा का असेना. टेम्पोवाल्याने बाबांनी दाखवलं तिथे कांदा ठेवला. बाबांनी डोळे मिटले. मंत्र झाला, फुंकर झाली, तीनदा टाळी झाली. काटा लाल पट्ट्यात होता, तिथेच राहिला. बाबा म्हणाले, वातावरणात अविश्वास आहे. खरंच होता, आणि तो वाढत होता.

"काकू," दीपमालाने मला हाक मारली, "या काट्याले बातमी कोण देते?"

हा प्रश्न मला विचारायला कोणी पाच दिवसांत आलं नव्हतं. मी रस्ता ओलांडून गेले. इंजिनाच्या पाण्यात एक बोटाएवढा सेन्सर बसवलेला असतो, त्याच्या डोक्यावर एक वायर. पाणी किती तापलं ते ती वायर काट्याला सांगते. वायर निघाली की काट्याला काहीच कळत नाही आणि तो थंडवर जाऊन पडतो. मी पदर खोचला आणि अंगठ्याने ती वायर उचकटली.

काटा उतरला. माझ्या हातात कांदा नव्हता, तोंडात मंत्र नव्हता. वायर लावली, काटा चढला. काढली, उतरला. चौथ्या वेळी टेम्पोवाला म्हणाला, "बस झालं काकू, समजलं."

तोवर नागसेन व्हॅनकडे धावला होता. त्याने सीट उचलली. बाबांनी ठेवलेला कांदा तिथे अगदी भाजीतल्यासारखा शिजला होता. शेजारी वायर लोंबत होती. त्याने ती लावली तसा काटा वर गेला, लाल पट्टा ओलांडून शेवटाला टेकला. टाकीत पाण्याचा थेंब नव्हता. पाइपाला चीर होती, मी सांगितलं होतं तिथेच. नागसेन रस्त्याच्या कडेला मट्कन खाली बसला. दोन दिवस तो या गाडीत फिरत होता, आणि आता मागे महादेवरावांना घेऊन पुढचे साठ-सत्तर किलोमीटर निघाला होता. मला त्याचा राग आला होता, पण त्या वेळी त्याची दयाच आली.

"पण तेलाची तार तर येते ना?" जीपवाला म्हणाला. बुधवारी त्याने दोन बाटल्या भरल्या होत्या, त्याचा जीव अडकला होता.

दीपमालाने शेजारच्या टपरीवर चहाचं मोठं पातेलं पाण्याने भरून उकळायला ठेवलं. त्यात दोन वाट्या सोडल्या, एकीत शीतामृत, दुसरीत माझ्या दुकानातलं नागसेनच्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं तेल. पंधरा मिनिटांनी दोन्हींत काडी बुडवून वर उचलली. पुस्तकातलं तेल काडीला धरून राहिलं. शीतामृत पाण्यासारखं टपटप गळून गेलं, आणि खाली वाटीत राळेसारखा चिकट गाळ उरला. त्याला जळक्या तेलाचा वास येत होता. कुठल्यातरी गॅरेजचं टाकलेलं तेल गाळून, त्यात राळ विरघळवून, हिरवा रंग घातला होता. दुसरं काही नाही.

"तुम्ही तार बाहेर बघता, बोटावर," दीपमाला म्हणाली. ती शाळेत बोलते त्याच आवाजात बोलत होती. "बाहेर ऊन सेहेचाळीस असो की छत्तीस, चालत्या इंजिनात तेल शंभराच्या आसपास तापतंच. तिथं त्याची तार टिकते का, हा प्रश्न आहे. डब्यावर दोन आकडे असतात. पहिला आकडा गार सकाळी गाडी चालू करतानाचा, दुसरा तापलेल्या इंजिनातला. आपल्या उन्हात कोणता आकडा चालेल त्याचा तक्ता गाडीच्या पुस्तकात छापलेला आहे. यांच्या व्हॅनचं पुस्तक आठ वर्षं कप्प्यात पडून आहे, प्लास्टिकसुद्धा आत्ता मी काढलं. आणि लागेल त्याहून जाड तेल टाकलं तर ते बारीक वाटांनी वर वेळेवर पोचत नाही. इंजिन जास्त तापतं, कमी नाही."

"बाबांच्या गाडीत कोणतं तेल आहे?" टेम्पोवाल्याने विचारलं.

याचं उत्तर माझ्याकडे होतं. सोमवारी बाबांचाच ड्रायव्हर माझ्या दुकानातून तेलाचा डबा घेऊन गेला. पुस्तकातला तक्ता मोबाइलवर दाखवून, आकडा वाचून. मी हे मंगळवारीच सगळ्यांना सांगितलं होतं. तेव्हा माझं पोट दुखत होतं ना.

पोलिसांना फोन टेम्पोवाल्याने केला. ते येईपर्यंत, सगळे आपापल्या वायरी तपासण्यात गुंतलेले असताना, बाबांची गाडी निघून गेली, आणि तिचं इंजिन छान गार होतं याबद्दल मला शंका नाही.

आम्ही व्हॅनच्या कामाला लागलो. इंजिन निवेपर्यंत मी रेडिएटरला हात लावू दिला नाही. मग पाइप बदलला, पाणी भरलं, हिरवं तेल काढून बरोबर तेल टाकलं. दीपमालाने दवाखान्यात फोन करून दुपारची पाळी मागून घेतली. एवढा वेळ महादेवराव माझ्या दुकानात पंख्याखाली बसून होते. बायाबापड्या त्यांच्याभोवती जमल्या होत्या, आणि त्यातली ती बॉनेटला हात लावणारी म्हातारी म्हणत होती, "काही म्हणा, काटा तर खाली आलता बाप्पा. आम्ही डोळ्यानं पाह्यला."

महादेवरावांनी आपले सुजलेले पाय तिच्यापुढे केले.

"बाई, दवाखान्यात मशीनवर घेण्याआधी माह्यं वजन करतात," ते थांबत थांबत म्हणाले. "वजन वाढलं म्हणजे अंगात पाणी साचलं, किती पाणी काढावं लागते हे त्याच्यावरून समजते. उद्या एखादा बाबा आला आन त्यानं त्या वजनकाट्याचा आकडाच खाली करून ठेवला, तर तुम्ही सगळे टाळ्या वाजवसान. डॉक्टर म्हणतीन, हा बुढा बरा झाला, घरी जा. मी घरी येईन. आन रात्री त्या पाण्यात बुडून मरीन, कोरड्या खाटेवर."

म्हातारीने त्यांच्या पायावर हळूच बोट दाबलं. बोट काढल्यावर तिथे खड्डा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला. तो तिने नीट पाहिला.

मला एवढंच सांगायचं आहे. काटा खाली आला की आनंद करण्याआधी विचारा, काट्याला बातमी कोण देतं आणि ती वाट शाबूत आहे का. स्वतःच्या हाताला चटका बसत असेल तर काट्यापेक्षा हातावर विश्वास ठेवा. ज्याला प्रश्न विचारलेला चालत नाही त्याचं तेल घेऊ नका. माझंही घेऊ नका, आधी पुस्तक उघडा. दुपारी दोनला नागसेनचा वर्ध्याहून फोन आला. महादेवराव मशीनवर होते, आणि वजनकाट्याप्रमाणे अंगातलं साडेतीन लिटर पाणी काढायचं होतं.