पाहुणचार नडला

तुदाचा विद्यावेतनाचा अर्ज फेटाळला गेला. कारण काय, तर घर म्हणे खाऊनपिऊन सुखी! शहरातल्या अध्यापक विद्यालयात तिला जागा मिळाली होती, पण त्या पैशांशिवाय तिथे राहणार कशी? बाप गेल्यावर घरात उरलं होतं काय, तर दोन शेळ्या, एक कोंबडी आणि गळकं छप्पर.

पण चौकशी करायला विद्यावेतनाच्या कचेरीतला कारकून सी इद्रीस डोंगर चढून आला, तेव्हा तिच्या आईने, हद्दाने, ॲटलास पर्वतातली कुठलीही बाई करेल तेच केलं होतं. शेजारच्या यझ्झाकडून गालिचा आणला, चांदीची किटली आणली, मध आणला. अंडी देणारी एकुलती एक कोंबडी कापली. त्या माणसाने हाडं चोखली, गालिच्यावरून हात फिरवला आणि खाली जाऊन सगळं लिहून टाकलं. खाल्ल्या घरचे वासे मोजावेत ते असे!

तुदाने कचेरीत भांडून फेरचौकशी मिळवली. घरी येऊन बघते, तर आई पुन्हा यझ्झाकडे निघालेली.

"इम्मी, गालिचा आणलास तर बघ!"

"मग काय मातीत बसवू त्याला? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"आणि माझं कॉलेज?"

"ते तू बघ. पाहुणा कोरड्या घशाने जाणार नाही माझ्या दारातून."

सी इद्रीस आला तेव्हा तुदा दोन्ही हात चौकटीला लावून उंबऱ्यातच उभी राहिली.

"इथूनच बघा, साहेब. आत आलात की पाहुणे व्हाल, आणि मी बुडेन."

"अशी बोलतेस? आणि म्हणे शिक्षिका होणार!"

"होऊ द्याल तर होईन ना!"

त्याने मान वाकडी करून आत पाहिलं. उघडी जमीन, धुराने काळवंडलेली भिंत. कपाळाला आठ्या घालून त्याने 'गरजू' असं लिहिलं. खाली लिहिलं, 'मुलगी उद्धट'. तुदाला दोन्ही मान्य होतं.

तो उतरणीला लागला आणि मागच्या दाराने हद्दा धावत सुटली. हातात गरम भाकरी, वर मध. सी इद्रीस नको म्हणाला नाही. उभ्या उभ्या खाल्ली, बोटं चाटली आणि खिशातलं पेन पुन्हा बाहेर काढलं.

"मध घरचा वाटतं, लाल्ला हद्दा?"

हद्दा लाजून हसली. तुदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"यझ्झाचा!" ती वरून ओरडली. "मध यझ्झाचा, पीठ यझ्झाचं! भूक तेवढी आमची आहे, साहेब, ती लिहा!"