अंगठ्याखालचे हिवाळे

हवामान-संशोधनाच्या त्या इमारतीत तिला सगळे चिखलवाल्या बाई म्हणायचे. तिलाही त्याचं काही वाटायचं नाही. जन्मभर चिखलच उपसला, मग अत्तरवाली कोण म्हणणार?

चिखल होता पार ध्रुवाकडच्या एका तळ्याचा. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की ओढे तळ्यात रेती आणून टाकत. हिवाळ्यात वर बर्फाचं झाकण बसलं की सगळं चिडीचूप; मग पाण्यात तरंगणारी पिठासारखी माती सावकाश तळाला बसे. रेतीची जाड रेघ, वर मातीची बारीक काळी रेघ, झालं एक वर्ष. हिवाळा कडक गेला तर काळी रेघ नितळ. मध्येच ऊब आली तर तिच्यात रेतीचे कण. थंडी मोजायला माणूस शिकला त्याच्या कितीतरी आधीचे हिवाळे बाई या रेघांवरून सांगे.

हा चिखल तिने आणि नवऱ्याने मिळून काढला होता. बर्फाला भोक पाडून लांब नळी तळात ठोकायची, वर ओढायची, इथे आणून काकडीसारखी उभी चिरायची. एक फाक कामाला, दुसरी राखीव. राखीव फाकेला हात लावायचा नाही, हा या धंद्याचा रिवाज. पण चिरताना नेमकी तीच फाक निसटली. नवऱ्याने ती झेलली आणि त्याचा अंगठा वरच्या टोकाशी चिखलात रुतला.

"अहो, हात आहेत की पाय?" बाई कडाडली होती.

"असू दे गं. सही केली समज."

पुढच्याच हिवाळ्यात तो छातीच्या दुखण्याने गेला. घरातलं त्याचं जे जे होतं ते धुऊन, झाडून, कुणाकुणाला देऊन संपलं. त्याच्या हाताची म्हणावी अशी खूण राहिली ती त्या चिखलात. राखीव फाक ठेवली होती त्या थंड खोलीत बाई दर शनिवारी जाई, वेष्टनातून तो ठसा बघे आणि परत येई. अंगठ्यावरच्या रेषासुद्धा त्यात उमटल्या होत्या.

आज मात्र विभागाचे साहेब तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. वयाने तिच्या भाच्याएवढे.

"बाई, रेघा वाचणारं नवं यंत्र आलंय. राखीव फाक काढू या."

"वरचा भाग दबलाय."

"पण आपलं घोडं तिथंच अडलंय ना! वरच्या वर्षांची थंडी लोकांनी मोजून ठेवलीय. तिच्याशी ताळा जमला, तरच खालच्या हिवाळ्यांवर कुणी विश्वास ठेवील."

हे खोटं नव्हतं. कामाची फाक नमुने काढून काढून संपली होती. तळंही राहिलं नव्हतं. त्याला अडवून धरणारी बर्फाची भिंत फुटली आणि एका उन्हाळ्यात ते वाहून गेलं. ते सगळे हिवाळे आता त्या एका फाकेत होते.

"यंत्रात घालायच्या आधी खरवडावं लागेलच," साहेब म्हणाले. त्यांना अंगठ्याचं ठाऊक नव्हतं. "दुसऱ्या कुणाला सांगू का?"

"नको. माझा चिखल मीच बघेन."

थंड खोली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे थंडमामा म्हणत. त्याने फाक आणून टेबलावर ठेवली.

"फार वेळ बसू नका हं बाई. नाहीतर तुमचाही थर जमेल."

"जमू दे. मोजायला तुम्ही आहातच की."

तिने वेष्टन सोडलं. पातं हातात घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. पातं नेहमी आडवं फिरवायचं, रेघेच्या दिशेने. उभं फिरवलं की एका वर्षाचा चिखल दुसऱ्यावर माखतो. हे तिनेच कितीजणांना शिकवलं होतं. आज तिचाच हात उचलेना.

"अहो," ती हळूच म्हणाली, आणि काळजावर दगड ठेवून पातं आडवं ओढलं.

पहिल्या हाताला अंगठ्यावरच्या रेषा गेल्या. दुसऱ्याला खळगा उथळ झाला. चार-सहा वेळा पातं फिरलं आणि चिखल सपाट झाला. बाईला वाटलं, संपलं. तिने दिवा जवळ ओढला.

कडेकडेने काळ्या रेघा सरळ होत्या, नितळ, मोजाव्यात अशा. मध्ये मात्र त्या एका जागेपाशी येत, खाली वाकत, वळसा घालत आणि पलीकडे पुन्हा सरळ निघत. अंगठा वरून गेला होता, पण त्याचा दाब आत उतरला होता.

"बिघडलं का हो काही?" थंडमामाने दारातून विचारलं.

"नाही. साहेबांना सांगा, यंत्र कडेने चालवा. मध्ये आमच्या घरचं माणूस बसलंय."

"मग त्यांना चहा विचारू का?"

बाई हसली. किती दिवसांनी हसली, तिलाच आठवेना. मामा निरोप घेऊन गेला, दार बंद झालं आणि खोलीत पंख्याची घरघर तेवढी राहिली.

बाईने हातमोजा काढला. आपला अंगठा त्या वळशाच्या वर धरून पाहिला. तिचा अंगठा लहान पडत होता. तिने तो टेकवला नाही. नुसताच धरून ठेवला, बोट थंडीने बधिर होईपर्यंत.