प्रेरणाचे हात

माझ्या सुनेला, अनुपमाला, मोठ्यांपुढं मान खाली घालायची सवयच नाही. महिनाभर मी नातीपुढं ठेवलेलं ताट ती उचलून घ्यायची अन् स्वतःच्या हातानं दुसरं वाढायची. माझ्याकडं पाहायचीसुद्धा नाही.

नात प्रेरणा नऊ वर्षांची. दोन वर्षांपासून तिला साखरेची बीमारी, रोज इन्सुलिनच्या सुया. आमच्या गल्लीतल्या भगवानरावांची साखर तीनशे, पाय सुजून खांबासारखे. म्हणून मी ठरवलं, आपल्या पोरीची वाढू द्यायची नाही. सुई झाली की मी तिच्या ताटातली अर्धी भाकर काढून घ्यायची. मशीनवर साठ-पासष्ट आकडा आला की धाड गावच्या बाजारात बायांना सांगत फिरायची.

आधी साखर उतरली की पोर घामानं भिजायची, हात थरथरतात म्हणायची. मग ते म्हणणं बंद झालं. मला वाटलं, सुधारली. एक दिवस वांगी तोडता तोडता काही न बोलता आडवी झाली. आकडा अडतीस.

बुलडाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, घडीघडी साखर उतरल्यानं अंगाची घाम, थरथर अशी खूण देण्याची सवय मोडली. काही आठवडे एकदाही उतरू दिली नाही, तर ती परत येऊ शकते. त्यांनी इन्सुलिन थोडं कमी केलं, आकडा जरा वर राहू द्या म्हणाले. पोरीचं खाणं कोण कमी करतं, असंही विचारलं. अनुपमा म्हणाली, आमचंच चुकलं. माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

तेव्हापासून ती शाळेआधी, खेळायच्या आधी पोरीचं बोट टोचायची, तिला पोटभर खाऊ घालायची. दीडशे, एकशे साठ असे आकडे पाहून माझा जीव खालीवर व्हायचा. मी बोलले, पुष्कळ बोलले. ती भाकरी थापत राहिली.

मागल्या आठवड्यात सकाळी आम्ही तिघी मळ्यात मेथी उपटत होतो. प्रेरणा उठून माझ्याजवळ आली.

"आजी, माहे हात थरथरून राह्यले."

मी तिचे हात धरले. खरंच थरथरत होते, घामानं ओले होते. सुनेला हाक मारली. आकडा पासष्ट. तिनं पाण्यात साखर ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी परत टोचलं, तर पंच्याण्णव.

"माह्यं मलेच कळलं न, आई?" पोर म्हणाली, अन् मेथीच्या जुड्या बांधायला बसली.

अनुपमा बांधावर जाऊन बसली. माझ्याकडं पाठ करून पदरानं डोळे पुसत होती. मी तिच्याशेजारी टेकले. लग्न होऊन आल्यापासून तिच्या पाठीवर मी कधी हात ठेवला नव्हता, तो ठेवला.

"अनुपमे, भाजीत मीठ किती टाकावं ते तुले आजबी कळत नाही," मी म्हटलं. "पण पोरीचं तुले कळलं, मले नाही कळलं. माह्या हातून मरत होती ते, तू वाचवली."