सांगता येत नाही

तुम्हीच त्याच्या तोंडाला कुलूप घातलंत, किल्ली तुमच्याच खिशात टाकलीत, आणि आता तुम्हीच डोळे वटारून विचारता की हा माणूस बोलत का नाही. तुमच्या एका खात्यानं त्याला वीस वर्षं समुद्राच्या पोटात ठेवलं, निवृत्त होताना मरेपर्यंत गप्प राहण्याच्या कागदावर सही घेतली आणि पाठ थोपटून घरी पाठवलं. दुसऱ्या खात्यानं त्याला गुळगुळीत टेबलापलीकडे बसवलं आणि नेमकं तेच विचारलं. दोन्हीकडचा शिक्का एकच, सरकारी. दोघांनी आपापसांत एकदा बोलून तरी घ्यायचं.

"तुमच्या भट्टीची क्षमता किती होती?" मुलाखत समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"सांगता येत नाही, सर."

"अंदाजे?"

"अंदाजेही सांगता येत नाही."

अध्यक्षांनी चष्मा कपाळावर ढकलला. वीज बनवणाऱ्या अणुकेंद्राचं हे ऑफिस होतं, आणि जागा होती कंट्रोल रूममधल्या शिफ्ट इंजिनिअरची. समोर बसलेला माणूस पाणबुडीवर अणुभट्टी सांभाळून आलेला. नोकरीत राहूनच त्यानं इंजिनिअरिंगची पदवी घेतली होती. कोट भावाचा होता, बाह्या जरा आखूड. पण बसला होता असा ताठ, की खुर्चीला पाठ आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

"बरं, एकदा भरलेलं इंधन किती पुरायचं?"

"सांगता येत नाही."

"आतलं पाणी किती दाबाखाली फिरायचं?"

"सांगता येत नाही, सर."

"अहो, मग तुम्हाला येतं तरी काय?"

शेजारच्या बाई, म्हणजे भरती विभागाच्या प्रमुख, तोंडावर रुमाल धरून हसल्या. त्यालाही हसू आलं. विनोद चांगला होता, आणि चांगल्या विनोदाला हसायचं नाही असं कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

"मी सही केलेली आहे, सर," तो म्हणाला.

"म्हणजे लिहिता येतं, एवढं तरी कळलं," बाई म्हणाल्या.

चार दिवसांनी त्याच बाईंचा फोन आला. इंजिनिअरच्या जागेसाठी जमलं नाही. शेऱ्यात एकच ओळ होती: उमेदवाराला काहीही सांगता येत नाही. पण निराश व्हायचं कारण नाही; माजी सैनिकांसाठी केंद्राच्या गेटवर सुरक्षारक्षकाची जागा रिकामी आहे. सोमवारी या, गणवेशाचं माप आधीच घेऊन ठेवलंय.

"माप कुणी घेतलं?" त्यानं विचारलं.

"नजरेनं. तुम्ही हलतच नव्हता, सोपं गेलं."

त्याची बायको शाळेची व्हॅन चालवायची. दुपारी सगळी पोरं घरोघर उतरवून ती आली, तेव्हा तो ओट्याशी कांदा चिरत होता आणि सासरेबुवा स्वयंपाकघराच्या टेबलावर कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसले होते. सासरेबुवांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. आता दुकान नव्हतं, ऐकू कमी यायचं, पण गल्लीतली घड्याळं त्यांना सोडत नव्हती.

"काय झालं?" तिनं दारातूनच विचारलं.

"नापास."

"कोण तापलंय?" सासरेबुवांनी भिंग डोळ्यावरून काढलं.

"नापास, बाबा. जावई नापास झालेत तुमचे," ती ओरडली.

"कशात?"

"तोंडीत."

"मग बरोबर आहे. लेखीत नसते झाले," म्हणून सासरेबुवांनी भिंग परत डोळ्याला लावलं.

तिनं पंख्याखाली उभं राहून सगळं ऐकलं. प्रश्न, उत्तरं, शेरा, फोन. आणि शेवटी ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि कांद्यामुळं, असं कुणी विचारलेलं नसताना म्हणाली.

"मला तर वाटलं होतं हे वाक्य फक्त माझ्याच नशिबात आहे. कुठं चाललात? सांगता येत नाही. परत कधी? सांगता येत नाही. बाळंतपणाला याल का? सांगता येत नाही. लेक चालायला लागली तरी तेच."

"तेव्हा खरंच सांगता…"

"ठाऊक आहे. मी काही त्या बाई नाही." तिनं त्याच्या हातातून सुरी काढून घेतली, कारण तो कांदा चिरत नव्हता, नुसता दाबत होता. "पण मला फरक कळायचा. तुम्हाला खरंच माहीत नसलं की तुमचा हात मानेकडे जातो. खाजवता. आणि माहीत असून बोलायचं नसलं, की असे बसता, पाठीत सळई घातल्यासारखे. वाक्य तेच. माणूस वेगळा."

त्यानं मानेला हात लावला. मग घाईनं काढला.

"बघा," ती म्हणाली.

"त्यांना कसं कळणार हे?"

"न कळायला काय झालं? सांगा त्यांना. एक उत्तर 'माहीत नाही'चं असतं, एक 'बोलायचं नाही'चं. त्यांनी दोन्ही एकाच टोपलीत टाकली. यंत्राचं काही सांगू नका ना, पण उत्तरांचं तर सांगू शकता? उत्तरं काय सरकारी आहेत?"

"गेटवरची नोकरी पण वाईट नाही," तो हळूच म्हणाला. "काम ते काम."

"काम ते काम. पण माझी इतकी वर्षं तुमच्या गप्प बसण्यात गेली. रात्री फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. ते काय तुम्ही गाड्यांचे नंबर टिपून घ्यावेत म्हणून? सोमवारी मीच सोडते तुम्हाला. आणि येताना दही आणा."

"येताना दही, ऐकलं," तो म्हणाला.

ही त्याची समुद्रातली सवय. हुकूम मिळाला की तो जसाच्या तसा परत म्हणायचा, म्हणजे ऐकण्यात चूक होत नाही. घरात याचा सगळ्यांना वैताग, फक्त सासरेबुवांना सोय. जावयानं वाक्य दुसऱ्यांदा म्हटलं की त्यांना ते पहिल्यांदा ऐकू यायचं.

"दही कशाला?" ते म्हणाले. "पास झाला असता तर पेढे म्हणाली असतीस."

सोमवारी पिवळी व्हॅन केंद्राच्या गेटशी थांबली. काचेवर सशाचं चित्र, मागच्या सीटवर कुणाची तरी विसरलेली पाण्याची बाटली. गेटवरच्या रक्षकानं व्हॅन पाहिली, उतरणाऱ्याची चाल पाहिली आणि सलाम ठोकला.

"माझ्याच जोडीला येणार तुम्ही. बाईंनी सांगितलंय. नौदल ना?"

"नौदल. तुम्ही?"

"रणगाडे. इंजिन खोलायचो." रक्षकानं आत शिरणाऱ्या गाडीची डिकी उघडून पाहिली आणि धाडकन लावली. "आता ह्या खोलतो. सोपं आहे, आत कधीच काही नसतं."

तो आनंदी माणूस होता. म्हणताना हसत होता. पण त्याच्या अंगठ्याच्या नखात अजून काळं वंगण होतं. कुठल्या इंजिनाचं ते देवाला ठाऊक. बहुतेक सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्यांच्या मोटारसायकली उघडत असावा. इंजिनातून काढून गेटवर आणून उभे केलेले असे किती असतील, हे मोजायला तुम्ही कधी माणूस नेमलात का? नसेलच. नेमला असतात तर तोही कुठल्यातरी गेटवरच उभा असता.

"मला आधी अध्यक्षांना भेटायचंय," पाणबुडीवाला म्हणाला.

रक्षकानं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग फोन उचलला. "मॅडम, ते नवीन आलेत. हो, गणवेशाचं. पण गणवेश अध्यक्षसाहेबांच्या हातून घेणार म्हणतायत." फोन ठेवून त्यानं डोळा मारला. "जा. इथली खुर्ची मी तुमच्यासाठी पुसणार नाही."

वर, त्याच गुळगुळीत टेबलावर, प्लास्टिकच्या पिशवीत खाकी गणवेश घडी करून ठेवला होता. वर टोपी. बाईंची नजर पक्की असावी. माप बरोबर वाटत होतं. अध्यक्ष चष्मा शोधत होते.

"कपाळावर आहे, सर," तो म्हणाला.

"अरे वा. हे बरं सांगता आलं." अध्यक्षांनी चष्मा खाली ओढला. "काय म्हणणं आहे?"

"मागच्या वेळी मी एकच उत्तर दिलं. तुम्ही त्याचा दुसरा अर्थ घेतला. चूक माझी नाही, तुमचीही नाही, वाक्याची आहे. 'सांगता येत नाही' म्हणजे माहीत नाही, असं आपण सगळेच बोलतो. पण मला माहीत होतं. बोलायचं नव्हतं."

"असं कुणीही म्हणेल," बाई म्हणाल्या.

"म्हणेल. म्हणून माझ्या भट्टीचं विचारूच नका. तुमच्या भट्टीचं विचारा. तिच्यावर कुठं माझी सही आहे?"

अध्यक्ष खुर्चीत जरा पुढे सरकले. त्यांना गंमत वाटू लागली होती, हे दिसत होतं. "आमच्या टर्बाइनचा सगळ्यांत मोठा पंखा काढायला किती माणसं लागतात?"

त्याचा हात मानेकडे गेला. त्यानं निवांत मान खाजवली. "माहीत नाही. पाणबुडीत एवढं मोठं काही मावतच नाही. पुस्तक द्या, वाचतो. मग तुमच्या फिटरला विचारतो, कारण पुस्तकात माणसं कमी लिहिलेली असतात."

अध्यक्ष खो खो हसले. बाईंनी पेन उघडलं.

"बरं, भट्टी बंद केली. आतली अणूंची साखळी तुटली, वीज थांबली. काम संपलं?"

"नाही सर. बंद केली तरी आत ऊब राहते. बाहेरून वाटतं झोपली, पण आत बराच काळ धग निघत असते. पाणी फिरवत राहावं लागतं."

"आणि कुणी लक्ष दिलं नाही तर?"

"तर नुकसान होतं."

अध्यक्षांची नजर खाकी पिशवीवर गेली आणि तिथून उठून खिडकीकडे गेली. खाली व्हॅन उभी होती, सशाच्या चित्रावर ऊन पडलं होतं.

"आणि तुमच्या पाणबुडीची क्षमता?" अध्यक्षांनी अचानक, जसं पोराला चिडवावं तसं, विचारलं.

तो ताठ झाला. पाठीत सळई. "सांगता येत नाही, सर."

"आता दिसला फरक," अध्यक्ष बाईंना म्हणाले. बाई यावेळी रुमाल न धरता हसल्या, आणि त्यांनी कागदावरचा जुना शेरा खोडला. नवीन काय लिहिलं ते त्याला उलट्या बाजूनं वाचता आलं नाही.

"हे घेऊन जाऊ का?" त्यानं उठत पिशवीकडे बोट दाखवलं. "की राहू दे?"

"ते राहू द्या. तूर्त राहू द्या." अध्यक्ष उठले, हात पुढे केला. "तुम्हाला भेटून बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. वरच्यांशी बोलावं लागेल. तुमच्या जुन्या खात्यालाही विचारावं लागेल, तुम्ही सुचवलंत तसं."

"मी सुचवलं नव्हतं, सर. पण विचारा. मला बोलायची बंदी आहे, त्यांना नाही."

"हो, हो. कळवू आम्ही."

त्यानं हातात हात दिला, पण सोडला नाही. "नोकरीचं नक्की काय होणार, आणि कधी कळेल?"

अध्यक्ष हसले. कुठल्याही ऑफिसात, कुठल्याही खुर्चीतून, विचार न करता जे बाहेर पडतं तेच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"आत्ता सांगता येत नाही."

बाईंचं पेन थांबलं. खाली व्हॅनचा हॉर्न वाजला, दोनदा; शाळा सुटायची वेळ झाली होती. अध्यक्षांचा मोकळा हात मानेकडे निघाला आणि अर्ध्या वाटेतच अवघडून थांबला, कारण समोरचा माणूस त्या हाताकडेच बघत होता.

"आत्ता सांगता येत नाही, ऐकलं," तो म्हणाला, त्यांचा हात सोडला आणि परत खुर्चीत बसला, खुर्चीच्या पाठीला न टेकता. "म्हणजे माहीत नाही, सर, की माहीत आहे पण बोलायचं नाही? दोन्हींतलं कुठलं, एवढंच सांगा. मी थांबतो."