काका कामावर हजर

माझे काका मेल्यावर कामाला येत नव्हते, हे शेवटी सर्वांसमोर सिद्ध झालं. पण तूर्तास ते झालंच नाही असं धरा. कारण त्या सकाळी काका कामावर हजर होते.

मुद्दाम आलेल्या काकूंसकट अख्खं ऑफिस काकांच्या रिकाम्या खुर्चीमागे श्वास रोखून उभं. संगणक सुरू झाला. कुणी हात न लावता तक्त्यांची फाइल उघडली, आकडे उचलले गेले, कोऱ्या पत्रात जाऊन बसले. मग सगळं थांबलं. काका चहाला थांबायचे, अगदी तेवढंच. नंतर गेले काही दिवस रोज उमटणारी तीच शेवटची ओळ उमटली: ‘गोळ्या बंद कर. बुवांचं पाणी घे.’

बुवा म्हणजे आमचे आवक-जावक कारकून. काका गेल्यापासून त्यांच्या अंगात यायचं, तेही फक्त कार्यालयीन वेळेत.

“मृतात्मा खोटं बोलत नाही, वहिनी!” बुवा घुमले आणि मंतरलेली बाटली पुढे केली.

काकूंनी हृदयाच्या गोळ्या सोडल्या होत्या. जिना चढताना त्यांचे ओठ निळे पडत.

“काकू, गोळी घे ना.”

“जिवंतपणी कधी तब्येत विचारली नाही रे त्यांनी. आता विचारतायत, तर शब्द कसा मोडू?”

तेव्हा मी संगणकाच्या पोटात शिरलो.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर विचारलं, “बुवा, आत्मा खोटं बोलतच नाही?”

“त्रिवार नाही!”

संगणक सुरू झाला. आकडे, पत्र, चहाचा थांबा. मग: ‘बुवा, माझी छत्री परत करा.’

माना वळल्या. छत्री बुवांच्याच खुर्चीला लटकत होती.

“ही ओळ काल मी लिहिली,” मी म्हणालो. “बाकीचं काकांचं. संगणक सुरू झाला की काय काय करायचं, ते त्यांनी स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलंय. प्रत्येक आज्ञेशेजारी कारणही. गोळ्यांच्या ओळीला कारण नव्हतं, आणि फाइल बदलली होती काका गेल्यानंतर.”

“आत्म्याच्या फायलीत हात घातलास?” बुवा किंचाळले.

“तुमच्यामागून.”

काकू संगणकाच्या पडद्याजवळ सरकल्या. थांब्याशेजारी काकांनी लिहिलं होतं: ‘चहा. मग घरी फोन. गोळी घेतली का?’

“फोन कधीच आला नाही,” काकू म्हणाल्या. “चहा पिऊन विसरत असणार.” आणि त्यांनी पर्समधून गोळी काढली.

यंत्र आपोआप हललं, तर त्याला आधी कुणी काय सांगून ठेवलंय ते बघा. आणि गोळी बंद करायला डॉक्टर लागतो, बाटली नव्हे.

ता. क. माननीय व्यवस्थापकांस: दिवंगतांची स्क्रिप्ट काढून टाकण्याचा आपला आदेश मिळाला. तरी चहाचा थांबा तेवढा कायम ठेवावा, आणि त्या वेळेत दिवंगतांना घरी एक फोन करण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.