किल्ली कुणाची

"हा रस्ता? हा तर मी झोपेत चालवीन," मास्तर म्हणाले, आणि अकराव्या मिनिटाला त्यांची जीप चिखलात बसली, म्हैस बसावी तशी. निवांत.

जंगलातल्या त्या सहलीच्या जागेच्या फाटकावर पाटी होती: 'सोपा मार्ग. चार किलोमीटर. कुटुंबांसाठी योग्य.' चुकायला नको म्हणून झाडाझाडावर हिरवे बाणही रंगवले होते.

मास्तर ड्रायव्हिंग स्कूलचे. सव्वीस वर्षांत त्यांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती. बायकोलाही परवाना मिळून दोन वर्षं झाली होती, पण जीपची किल्ली काही त्यांच्या खिशातून हलत नव्हती. दुसरी किल्ली म्हणे हरवली. बायको टेलर. शिवून तयार झालेले पडदे गिऱ्हाइकाकडे पोचवायचे तर साहेबांना सवड कधी मिळते याची वाट बघत बसायचं. शेवटी आज सकाळी चहाच्या कपासोबत तिने विषयही टेबलावर ठेवला. तेव्हा मास्तरांनी मोठ्या बहिणीला साक्षीला घेऊन जाहीर केलं होतं, "जंगलातला तो मार्ग न अडकता जो पार करील, किल्ली त्याची!"

ताई आता मागच्या सीटवर थर्मास मांडीत धरून बसल्या होत्या. "झोप लागली होती का रे?" त्यांनी विचारलं.

"नियमाने चालवतोय मी!"

खोटं नव्हतं ते. जंगलातल्या प्रत्येक वळणाला त्यांनी इंडिकेटर दिला होता, मागे एक खार सोडली तर कुणी नसताना. आणि त्यांच्या शाळेचा पहिला धडा म्हणजे, अडथळा दिसला की आधी गाडी पूर्ण थांबवायची. मग विचार, मग गिअर. मास्तरांनी तेच केलं. फक्त अडथळा दिसला तेव्हा चारही चाकं त्यात होती.

मोटरसायकलवरून वनरक्षक आला. त्याने चिखलाकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं. "इथं कुणी अडकल्याचं मला तरी आठवत नाही. गेल्या आठवड्यात शाळेची बस गेली."

"माती बदलली असेल," मास्तर म्हणाले.

चाकांखाली फांद्या टाकल्या. ढकलायला दोन पुरुष हवे होते, म्हणून स्टिअरिंगवर बायको बसली. मास्तरांनी मागून "हं, दे आता!" म्हटलं आणि तिने दिलं. जीप सुटली. मास्तर मात्र डोक्यापासून बुटापर्यंत तपकिरी झाले. चष्मा पुसल्यावर आतून दोन संतापलेले डोळे निघाले.

"सरक, मी घेतो."

"अहो, तुम्ही अडकलात. आता माझी पाळी."

"अट म्हणजे अट," ताई म्हणाल्या. "आणि तू शेजारी बस. माझ्या अंगाला लागू नकोस."

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी जादा ब्रेक असायचा. जीपमध्ये नव्हता. हे त्यांच्या उजव्या पायाला कोण सांगणार? पहिल्या उतारावरच त्यांनी रबरी पायपुसण्यावर असा पाय दाबला की ते फाटलं.

"थांब! आधी थांब! दगड!"

ती थांबली नाही. तीस वर्षं तिचा पाय शिलाई मशीनच्या पेडलवर होता. जाड शिवण आली की मशीन थांबवायचं नाही आणि कापड ओढायचं नाही, पाय हलका ठेवून जाऊ द्यायचं. मध्येच थांबलं की दोऱ्याचा गुंता झालाच. दगड आले, तिने जीप जाऊ दिली. ओढा आला. पाणी दारापर्यंत उडालं, मास्तरांनी डोळे मिटले, ताईंनी थर्मास छातीशी धरला, आणि जीप पलीकडच्या चढावर सरळ टीप घातल्यासारखी निघाली.

"अगं, ओढा कधी येणार?" मास्तरांनी डोळे मिटूनच विचारलं.

"गेला."

शेवटच्या हिरव्या बाणापाशी वनरक्षक वहीसकट उभा होता. त्याने मार्ग पार केल्याचं गोल स्टिकर तिच्या हातात दिलं. तिने ते सरळ छातीवर लावलं. "काका, तुम्ही इथं सही करा," तो म्हणाला, "प्रवाशांच्या रकान्यात."

मास्तरांनी सही केली. "चांगली चालवलीस," ते म्हणाले. "फक्त क्लचवरचा पाय..."

"अहो!"

"चांगली चालवलीस. किल्ली तुझी."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच क्लचचं वाक्य अर्धं राहिलं होतं. ताईंनी टाळ्या वाजवल्या. फोटो काढायचं ठरलं. सगळे खाली उतरले. मास्तरांनी नियमाप्रमाणे बाकीची दारं आतून लॉक करून लावली. सगळ्यात शेवटी ती उतरली आणि तिने राणीसारखं आपल्या बाजूचं दार धाडकन आपटलं.

ते दार आपटलं की आपोआप लॉक व्हायचं. इंजिन चालू होतं आणि किल्ली आत होती. दुसरी किल्लीही आतच होती. ती बायकोला सापडू नये म्हणून मास्तरांनी दोन वर्षांपूर्वी जीपच्याच सीटखाली लपवली होती.